आधी सांगणाऱ्यानं हसायचं

केर्ली सोडून जोतिबाचा डोंगर चढायला लागायच्या आधी डाव्या हाताला बाळाबाईचं चहाचं खोपटं आहे. दर रविवारी सकाळी तिथं चार मोटारसायकली येऊन थांबतात. त्यांच्यावरून उतरणारी माणसं पुढं डोंगरावर देवाला जातात की नाही, हे देवालाच ठाऊक. बाळाबाईच्या बाकावर मात्र ती न चुकता बसतात आणि आठवडाभरात गाडी चालवताना आपण काय माती खाल्ली, ते एकमेकांना सांगतात.

पद्धत साधी. ज्याने त्याने आपलीच चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. ती त्याच आठवड्यातली हवी, शिळी चालत नाही. ज्याच्या चुकीवर बाळाबाई सगळ्यांत जास्त हसेल, त्याच्या डोक्याला गुलालाच्या रंगाचा फेटा बांधायचा आणि त्याने फेट्यासकट सगळ्यांना चहा वाढायचा. बाळाबाई पंच, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती आणि कुणाची भीडही पडत नव्हती. चहा झाला की फेटा सोडून मानकऱ्याने घरी न्यायचा, धुऊन, नीट घडी करून पुढच्या रविवारी परत आणायचा.

आणखी एक नियम होता. सांगणारा स्वतः हसल्याशिवाय बाकीच्यांनी हसायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत शाहूपुरीतला एक हौशी गडी यायचा. त्याने सांगितलं, सिग्नलला पाय टेकायला गेलो तर पायाखाली खड्डा, गाडीसकट आडवा झालो. सगळे खो खो हसले. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला तो परत आलाच नाही. मागाहून कळलं, त्याचं मनगट मोडलं होतं. तेव्हा उदयसिंहाने हा नियम घातला. म्हणाला, "त्यो हसला की समजायचं, दार उघडं हाय. तवर आत पाऊल टाकायचं न्हाय."

उदयसिंह चौघांत वयाने थोरला. साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. कसबा बावड्यात लहानसं घर, पुढं अंगण, अंगणात जुनी काळी बुलेट. बाकीचे तिघे त्याला आबा म्हणत. आकाराम वडणग्याचा, म्हशी पाळणारा. रुद्रेशचं लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान. अनुजा हाडामांसाचे व्यायाम शिकवणारी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आणि कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं 'मी येतो, मी जातो' बोलणारी. वर्षानुवर्षं रविवारी एकत्र बसूनही या चौघांनी एकमेकांची घरं फारशी पाहिली नव्हती. चुका तेवढ्या तोंडपाठ होत्या.

फेटा सर्वांत जास्त वेळा उदयसिंहाच्या डोक्यावर गेला होता, आणि सगळ्यांत गाजली ती त्याची हुपरीची चूक.

नातीच्या बारशाला पैंजण घ्यायचे म्हणून तो आणि शालन, त्याची बायको, हुपरीला निघाले होते. उचगावच्या पुढं पंपावर शालन खाली उतरली. पेट्रोल टाकून झालं, उदयसिंहाने किक मारली आणि निघाला. वाटेत तो तिच्याशी बोलत होता. जावयाच्या बदलीबद्दल, घरावरच्या पाण्याच्या टाकीबद्दल, तिच्या भावाने जमिनीत केलेल्या आगाऊपणाबद्दल. त्यातलं शेवटचं तर त्याने जरा जोर लावूनच सांगितलं. मागून उत्तर नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, पटलं असावं. हुपरीत चांदीच्या दुकानासमोर गाडी उभी करून तो म्हणाला, "उतर." कोणी उतरेना. दुकानदार त्याच्याकडे बघतोय, तो दुकानदाराकडे.

मागून एसटी आली. एसटीतून शालन उतरली, पदर सावरला आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाली, "काय काय बोललासा ते आता पुन्यांदा सांगा. मला आयकू आलं न्हाय."

ही गोष्ट त्याने केर्लीत सांगितली तेव्हा बाळाबाईच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं होतं.

त्या दिवसापासून शालनने ठरवून दिलं. ती मागं नीट बसली की त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा थाप मारणार. त्यावर त्याने विचारायचं, "बसलीस नव्हं?" ती म्हणणार, "बसले, चला." मगच क्लच सोडायचा. बुलेटच्या आवाजात तिचं 'बसले' त्याला कधी नीट ऐकू आलं नाही. थाप कळायची.

गेल्या वर्षी श्रावणात शालन गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तिकडून ती घरी आली नाही. मुलगा ऋतुराज पुण्याहून आला, दिवस होईपर्यंत राहिला, जाताना म्हणाला, "बाबा, आता ती गाडी बास. एकटं फिरू नका." उदयसिंह म्हणाला, "बघू."

महिनाभर तो केर्लीला गेला नाही. मग एका रविवारी गेला. सगळे उठून उभे राहिले. बाळाबाईने त्याच्या चहात साखर जास्त घातली. त्या दिवशी कोणी चूक सांगितलीच नाही. पुढच्या रविवारी सांगितल्या, पण आकारामने आपल्या चुकीतून बायकोचा भाग गाळला होता, हे उदयसिंहाला लगेच कळलं. आकारामच्या कोणत्याही चुकीत बायको नाही असं कधी होत नसे.

त्यानंतर उदयसिंह दर रविवारी काही ना काही घेऊन जाऊ लागला. किल्ली गाडीलाच विसरून बाजारभर किल्ली शोधली, ते सांगितलं. दुसऱ्याची नवी गाडी चालवायला घेतली, आणि जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असल्याने गिअर समजून ब्रेक दाबला, तेही सांगितलं. पूर्वी यावर हशा पिकला असता. आता तो सांगून थांबायचा आणि सगळे त्याच्याकडे बघत बसायचे. मग रुद्रेश म्हणायचा, "हुतंय आबा, असूं द्या." अनुजा बिस्किटं पुढं करायची. फेटा दुसऱ्याच्या डोक्याला जायचा.

उदयसिंहाने त्याचा एकच अर्थ लावला. आपण आता कीव करायची वस्तू झालोय. मयताच्या घरी जसं मोठ्याने बोलत नाहीत, तसं हे आपल्यासमोर हसत नाहीत. घरी कोणी बोलायला नाही, हे त्याने सोसलं होतं. पण केर्लीच्या बाकावर चार माणसांत बसून एकटं पडणं त्याला जमेना. घरात निदान एकटेपणाला जागा तरी होती.

जयसिंगपूरचा राजवीर नावाचा एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवायचा. त्याने दोनदा फोन करून बुलेटबद्दल विचारलं होतं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा उदयसिंह म्हणाला, "रविवारी दुपारी या." मनाशी त्याने हिशेब पक्का केला. हा एक रविवार. या वेळी कोणी हसलं, तर गाडी राहील. नाही हसलं, तर केर्लीही बंद आणि गाडीही गेली.

कारण या वेळी त्याच्याकडे खरोखरची चूक होती.

ती बुधवारी घडली. बावड्याजवळच्या पंपावर त्याने पेट्रोल टाकलं, टाकीचं झाकण लावलं, किक मारली. इंजिन धडधडायला लागलं. क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि तो बसून राहिला. रांगेत मागं चार-पाच गाड्या होत्या. एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने दिला. उदयसिंह सरळ समोर बघत शांत बसला होता. आपण थांबलोय हेच त्याला वाटत नव्हतं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, तेवढं एक व्हायचं राहिलं होतं.

पंपावरचा पोरगा ओरडला, ते बुलेटच्या आवाजात गेलं. शेवटी मागच्या गाडीवरचा माणूस उतरून आला आणि त्याने उदयसिंहाच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"बसलीस नव्हं?" उदयसिंह म्हणाला, आणि क्लच सोडला.

मागून आवाज आला, "कुठं बसू, पावणं? माजी गाडी हितं मागं हाय की!"

पंपावर हसू फुटलं. ते त्याच्या पाठीमागं राहिलं. तो वळून न बघता घरी आला, गाडी अंगणात लावली आणि पायरीवर बसला. थोड्या वेळाने त्याच्या मनात आलं ते हे, की ही चूक केर्लीत सांगितली पाहिजे. इतकी चांगली चूक वर्षभरात कोणाकडून झाली नव्हती.

रविवारी थंडी होती. पंचगंगेच्या पुलावर धुकं असं होतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. वडणग्याच्या फाट्यापुढं उसाच्या बैलगाड्या लागल्या. उदयसिंह त्यांच्या मागं सावकाश राहिला. वाटेत त्याने गोष्ट दोन-तीनदा मनात म्हणून बघितली. कुठं थांबायचं, 'माजी गाडी हितं मागं हाय' हे किती हळू बोलायचं, सगळं ठरवलं.

बाळाबाईच्या खोपटासमोर तिघांच्या गाड्या आधीच लागल्या होत्या. रुद्रेशच्या मांडीवर घडी केलेला फेटा होता. मागच्या रविवारचा मान त्याचा. रंकाळ्यावर सासुरवाडीच्या माणसांसमोर ऐटीत गाडीवरून उतरला, स्टँड लावायचाच राहिला, आणि गाडी शेजारच्या तीन गाड्यांना घेऊन झोपली. संकेश्वरहून आलेली सासू कानडीत जावयाला काय म्हणाली, ते त्याने मराठीत सांगायला अजून नकार दिला होता.

"या आबा," अनुजा सरकली. "गार पडलाय. चुलीकडं बसा."

"मी काय म्हातारा हाय?" उदयसिंह म्हणाला आणि मुद्दाम कडेला बसला.

"न्हाईसा," बाळाबाई चुलीमागून म्हणाली. "पर थंडीला ते कुटं म्हाईत हाय?"

सुरुवात अनुजाने केली. तिची गाडी दवाखान्यासमोर चालूच होईना. बटण मारून झालं, किक मारून झाली, ढकलून झालं. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो चहा सोडून आला, हँडलवरचा लाल खटका बोटाने वर केला, गाडी चालू केली आणि एक शब्द न बोलता परत चहाला गेला. "एक शब्द नाही! निदान शिवी तरी द्यायची की त्यानं," असं म्हणत ती हसायला लागली, आणि मग बाकीचे हसले.

मग आकाराम पुढं सरकला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, माल जबर आहे.

"मार्केट यार्डात गेलतो. सरकी घ्याय. पिशवी हँडलला लावली, पान खाऊन आलो, किल्ली लावली, ती लागली बी, निघालो. आता माजी गाडी कसली, तर शंभरातल्या नव्वद जणांकडं असत्या तसली काळी. पुलावर आलो तर पिशवी हालाय लागली."

"सरकी हालाय लागली?" रुद्रेश म्हणाला.

"आयक की मर्दा! हालली, आन् म्हणाली, 'कॉक्'. मी म्हटलं, सरकीत काय निघालं ह्ये? बघतोय तर कोंबडी. एवढ्यात समोरनं माजी गाडी आली!"

"तू तुझ्याच गाडीवर होतास ना?" अनुजाने विचारलं.

"त्येच तर! मी कुणाच्या गाडीवर हाय ह्ये मला कुटं ठावं? मला दिसलं, माजी गाडी, माजी सरकी, आन् वर बसलाय भलताच. मी वरडलो, 'चोर! धरा!' त्यो बी माज्याकडं बोट करून वरडतोय, 'चोर! धरा!' लोकांनी दोघांस्नी बी धरलं!"

एवढं बोलून आकाराम स्वतःच फुटला. गुडघ्यावर हात मारून हसायला लागला, आणि त्याच्या मागं सगळं खोपटं हसलं. बाळाबाईने पदराने डोळे पुसले. उदयसिंहही हसला, म्हणजे हसायला हवं तिथं त्याचे ओठ हलले. आकारामचं हसणं ओसरेपर्यंत तो थांबला.

"आता माजं," तो म्हणाला.

 रुद्रेशने मांडीवरचा फेटा उगाच नीट केला.

उदयसिंहाने ठरवल्याप्रमाणे सांगितलं. पंप, किक, पहिला गिअर, मागचे हॉर्न. खांद्यावरच्या दोन थापा. "मी म्हटलं, 'बसलीस नव्हं?' आन् सोडला क्लच." इथं तो थांबला. मग ठरवल्याप्रमाणे हळू म्हणाला, "मागनं त्यो म्हणतोय, कुठं बसू पावणं, माजी गाडी हितं मागं हाय."

कोणी हसलं नाही.

अनुजाचे डोळे भरले होते, तिने मान वळवून डोंगराकडे बघितलं. आकाराम चहाच्या रिकाम्या ग्लासात बघत बसला. रस्त्यावरून उसाची एक गाडी गेली. तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू आला.

"असूं द्या आबा," रुद्रेश म्हणाला. "हुतंय."

"काय हुतंय?" उदयसिंहाचा आवाज चढला. "हसा की रं! चांगली चूक हाय. पंपावरची अनोळखी माणसं हसली, तुमास्नी काय झालंय? कुणी मेल्यागत काय बसलायसा?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.  बाळाबाईने चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात झटकले आणि पुढं येऊन उभी राहिली.

"आबा, एक इचारू?"

"इचार."

"तुमी हसलासा?"

"म्हंजे?"

"आता सांगितलंसा ते. सांगून झाल्यावर हसलासा तुमी?"

"हसलो की."

"न्हाय." बाळाबाईने मान हलवली. "आजबी न्हाय, गेल्या रविवारी न्हाय, त्या आधी बी न्हाय. किल्लीचं सांगितलंसा तवा न्हाय. गुदस्तापासनं तुमी एकडाव बी हसला न्हाईसा. नियम कुणाचा? तुमचाच की. आमी आपलं बसतोय तुमच्या तोंडाकडं बघत, आता हसतील, मग हसतील. ह्यो आकाराम तर त्या गिअरच्या वक्ताला तोंड दाबून भाईर पळाला हुता."

"म्हशीसाठी फोन आलाय सांगून," आकाराम खाली बघत पुटपुटला.

 उदयसिंहाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोणी नाही म्हणेना. इतक्या रविवारी आपण सांगून संपवलं की तोंड कसं करून बसत होतो, हे त्याला आठवून बघावंसं वाटलं, पण आपलं तोंड आपल्याला कुठून दिसणार. ते बघणारं माणूस घरात होतं तोवर ही अडचण नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "आता हसतो." आणि त्याने हसून दाखवलं.

"ह्यो खोकला," बाळाबाई म्हणाली.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. ते पहिल्यापेक्षा वाईट झालं. अनुजा म्हणाली, "आबा, नका. मुद्दाम नका करू."

मग तो उठला. "ऱ्हाऊ दे. जमत न्हाय ते जमत न्हाय. तुमचं काय चुकलं न्हाय, माजंच चुकलं. दुपारी जयसिंगपूरचा माणूस येणार हाय गाडी बघाय. त्येला द्यायची हाय."

"गाडी देणार?" आकाराम उभा राहिला. "आन् रविवारी?"

"रविवारी तुमी हायसा की."

"आबा, बसा. चहा तरी घ्या," रुद्रेश म्हणाला.

पण उदयसिंह गाडीपर्यंत पोचला होता. त्याने हेल्मेट चढवलं, किक मारली. थंडीने पहिली किक वाया गेली, दुसरीला इंजिन धरलं. सगळे खोपटाबाहेर येऊन उभे होते. अनुजा, आकाराम, फेटा काखेत धरलेला रुद्रेश, आणि हातात गाळणं घेऊन बाळाबाई. उदयसिंहाने त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, सरळ समोर रस्त्याकडे नजर लावली.

आणि बसून राहिला.

इंजिन धडधडत होतं. समोर रस्ता मोकळा होता, उसाची गाडीसुद्धा नव्हती. बघणाऱ्यांना वाटलं, आबांचं मन होत नाही जायला. आकारामला वाटलं, आता गाडी बंद करतील. उदयसिंहाला काहीच वाटत नव्हतं. पाठ किंचित पुढं वाकलेली, उजवा खांदा जरा खाली, असा तो निवांत थांबला होता.

"आबा," बाळाबाईने गाळणं हलवत हाक मारली, "कुणाची वाट बघतायसा?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

आधी त्याचे खांदे हलले. अनुजाला वाटलं रडतायत, ती धावत पुढं आली. त्याने हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांत पाणी होतं हे खरं, पण तोंड उघडं होतं आणि त्यातून घशातल्या घशात घरघर येत होती. पुष्कळ दिवस बंद असलेलं इंजिन धरतं, तसं ते अडखळत अडखळत सुरू झालं.

"आत्ता बी!" तो म्हणाला. "आगं, आत्ता बी थांबलोय बघ! रागानं निघालोय, आन् थांबलोय!" त्याच्या हातून क्लच सुटला, बुलेटने एक उडी मारली आणि बंद पडली. त्यावर तो पुन्हा हसला, टाकीवर हात आपटून हसला. "तिला घेतल्याबिगार निघायचं न्हाय, मग रुसून तरी कसं जायाचं?"

तेव्हा कुठं बाकीचे हसले. आकाराम तर खाली बसला. बाळाबाईचं गाळणं हातातून पडलं, ते उचलायचंही तिला सुचेना. "बसू कुठं पावणं!" असं म्हणून रुद्रेशने रस्त्यातच कंबर धरली. वर्षभर दाबून ठेवलेलं होतं ते, किल्लीचं, गिअरचं, सगळं एकदम बाहेर पडलं. अनुजा हसत होती आणि बाहीने नाक पुसत होती.

फेट्याबद्दल वाद झालाच नाही. "माजी कोंबडी वाया गेली," एवढं म्हणून आकारामनेच तो बांधला. उदयसिंहाने सगळ्यांना चहा वाढला. बाळाबाईने त्याच्या ग्लासात या वेळी साखर नेहमीएवढीच घातली होती.

चहा संपला, आणि प्रत्येकाला आपलं काम आठवलं. आकारामची धार राहिली होती, रुद्रेशला दुकान उघडायचं होतं. चार गाड्या फाट्यापर्यंत एकत्र आल्या, मग एकेक गळत गेली. पुलावर उदयसिंह एकटाच होता. धुकं निवळलं होतं. हसून हसून बरगड्या दुखत होत्या. घरी जाऊन हे सांगितलं असतं, तर शालन म्हणाली असती, "माज्या नावावर फेटा मिळवलासा, मला काय त्यात?" हे वाक्य त्याला तिच्या आवाजात ऐकू आलं, आणि त्यापुढं काही आलं नाही. बावड्यात शिरेपर्यंत तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

घरी येऊन त्याने दार उघडलं, फेटा बादलीत भिजवला, पिळला आणि उन्हात दोरीवर टाकला. दुपारपर्यंत तो वाळला.

मग अडचण आली. फेटा आठ-नऊ मीटर लांब. त्याची लांबीत घडी घालायला दोन माणसं लागतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, ताणून दुमडायचं, पुन्हा ताणायचं. इतकी वर्षं तो अंगणाच्या या कडेला आणि शालन फाटकाशी उभी राहायची. "ताणा की, जीव न्हाय व्हय हातात?" असं ती तिकडून म्हणायची. शेवटी दोघं चालत चालत जवळ यायची आणि ती त्याच्या हातातलं टोक काढून घ्यायची.

त्याने एक टोक दाराच्या कडीला बांधून बघितलं. कडी उंच पडली. मग त्याने ते बुलेटच्या मागच्या दांडीला बांधलं, तिथं शालन बसल्यावर डाव्या हाताने धरायची. दांडी बरोबर कमरेइतकी होती. दुसरं टोक घेऊन तो फाटकाशी गेला आणि ताणलं.

तेवढ्यात फाटकावर एक जीप थांबली. गॉगल लावलेला, चाळिशीतला माणूस उतरला.

"उदयसिंह आपणच का? मी राजवीर. जयसिंगपूरचा. गाडीचं..."

उदयसिंहाने कपाळाला हात लावला. फोन करायचा साफ विसरला होता.

"अहो, चुकलंच माजं. फोन करायला पायजे हुता. गाडी द्यायची न्हाय आता."

राजवीरने गॉगल काढला. एवढ्या लांबून आल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर यायला लागला होता. मग त्याची नजर गाडीवर गेली, गाडीच्या मागच्या दांडीवरून निघालेल्या गुलाबी कापडावर गेली, आणि कापडावरून पुन्हा उदयसिंहाकडे आली.

"म्हणून काय बांधून ठेवली व्हय?"

उदयसिंह हसला. अगदी सहज आलं ते. पाठोपाठ राजवीरही हसला.

"घडी घालायची हाय," उदयसिंह म्हणाला. "दुसरीकडनं धराय माणूस लागतंय."

"घरात कुणी न्हाय?"

"न्हाय."

राजवीरने जीपची किल्ली खिशात टाकली, गाडीपाशी गेला, बुलेटवरून एकदा हळू हात फिरवला आणि दांडीची गाठ सोडली. टोक दोन्ही हातांत घेऊन तो उभा राहिला.

"असं?"

"जरा ताणून धरा," उदयसिंह फाटकाकडून म्हणाला. "अजून. जीव न्हाय व्हय हातात?"

राजवीरने ताणलं. कापड दोघांच्या मध्ये सरळ झालं, आणि उदयसिंह घडी घालत घालत गाडीच्या दिशेने चालू लागला.